धिंगरीच्या उतरलेल्या पिशवीतून लॅकेज: डाईंगच्या पाण्याचा रंग काढायचा कसा आणि खरंच निघाला का हे तपासायचं कसं

धिंगरीचे (ऑयस्टर अळिंबीचे) तीन बहार निघाले की पिशवी हलकी होते, काड तपकिरी पडतं आणि शेडवाला ती उकिरड्यावर नेऊन टाकतो. त्याच काडाचा मूठभर भाग थंड पाण्यात कालवून पिळला, की पातळ काळ्या चहासारखं पाणी हाती येतं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्याचा एक थेंब ठेवून त्यावर एबीटीएस या रसायनाचा थेंब सोडा. बघता बघता कडेपासून हिरवट निळा रंग चढायला लागतो. हे काम लॅकेज नावाच्या विकराचं (एन्झाइमचं). बुरशीने लाकूड पचवायला ते बाहेर सोडलेलं असतं आणि आपण ते खतात घालवतो.

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला रंगीत पाण्याचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी, जिथे सूत आणि कापड रंगतं तिथे हे पाणी आहेच. रिॲक्टिव्ह, म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या रंगातला बराच भाग कापडावर बसतच नाही, पाण्याशी क्रिया होऊन वाया जातो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. हे रंग मुळात उन्हाने, साबणाने उडू नयेत म्हणूनच बनवलेले असतात, त्यामुळे ईटीपीतल्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातल्या) नेहमीच्या जिवाणूंनाही ते सहजी दाद देत नाहीत.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांबरोबर लॅकेजने हा रंग काढण्याचं काम करताना जे हाताला लागलं, ते इथे पायरीपायरीने देते आहे. प्रकल्प करणारे विद्यार्थी, ईटीपी सांभाळणारे केमिस्ट आणि पिशव्यांचं करायचं काय या विचारात असलेले धिंगरी उत्पादक, अशा तिघांच्या हे उपयोगी पडावं. एक गोष्ट आधीच सांगते: विकर काढणं सोपं आहे. अवघड आहे ते पाणी ओळखणं, आणि रंग गेलेला दिसला तरी लगेच खूश न होणं.

लॅकेजच का?

शाळेत आपण विकराचं कुलूप-किल्लीचं उदाहरण शिकतो. लाकडातल्या लिग्निनला ते लागू पडत नाही, कारण लिग्निन म्हणजे कशीही जोडलेली, कुठेही सारखी नसलेली साखळी. तिला एक किल्ली चालणार कशी? म्हणून पांढरी कूज आणणाऱ्या बुरशी वेगळा मार्ग घेतात. त्या अशी विकरं सोडतात की ती समोरच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि पुढे रेणू आपोआप मोडतो. ही ढोबळ पद्धत म्हणूनच कारखान्यात बनलेल्या रेणूंवरही चालते. अमेरिकेत स्टीव्हन ऑस्ट यांच्या गटाने १९८५ साली दाखवलं, की फॅनरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी डीडीटी आणि लिंडेनसारखी चिवट द्रव्यंसुद्धा मोडते.

या बुरशींकडे लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगनीज पेरॉक्सिडेज आणि लॅकेज अशी मुख्य हत्यारं असतात. पहिल्या दोघांना हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, तेही बेताने. जास्त झालं तर विकरच निकामी होतं. लॅकेजला फक्त हवेतला ऑक्सिजन पुरतो आणि शेवटी त्याचं पाणी होतं. त्याच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात आणि सगळा व्यवहार त्यांच्यामार्फत चालतो. छोट्या जागेत, साध्या साधनांनी काम करायचं असेल तर माझी निवड लॅकेजच. हे विकर १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा यांना जपानी लॅकर झाडाच्या चिकात सापडलं. लॅकर हा शब्द मागे नेत गेलं की आपल्या 'लाख'पाशी आणि संस्कृतातल्या 'लाक्षा'पाशी पोहोचतो, म्हणून हे नाव मला कधी परकं वाटलं नाही.

पायरी १: पिशवी निवडणं

काड पूर्ण पांढरं झालेलं आहे पण टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या अजून आलेल्या नाहीत, या टप्प्यावर लॅकेज सर्वांत जास्त मिळतं. कळ्या धरायला लागल्या की ते उतरतं. म्हणजे जास्त विकर हवं असेल तर पिकाआधीची पिशवी मोडावी लागेल आणि तेवढं उत्पन्न बुडेल. तिसऱ्या बहारानंतरच्या पिशवीत विकर कमी असतं, पण ती फुकट असते. सुरुवात हिच्यापासूनच करा.

हिरवे डाग पडलेली, म्हणजे ट्रायकोडर्मा लागलेली पिशवी घेऊ नका. आंबूस, कुजका वास येणारीही नको. शेडवाल्याला दोन गोष्टी विचारा: काड गरम पाण्याने निर्जंतुक केलं होतं की कार्बेन्डाझिम-फॉर्मॅलिनमध्ये भिजवलं होतं, आणि माश्यांसाठी वरून काही फवारलं होतं का. विकराला याने फारसा फरक पडत नाही. पण पुढे बिया उगवून विषारीपणा तपासायचा आहे, तिथे अशा रसायनाचा अंश घोळ घालू शकतो.

पिशवी उघडताना मास्क लावा. धिंगरीचे बीजाणू भरपूर उडतात आणि काहींना त्यांनी खोकला, ताप, श्वासाचा त्रास होतो.

स्वतः पिशव्या भरायच्या असतील तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर जुनं काम आहे, तिथे स्पॉनची (अळिंबीच्या बियाण्याची) चौकशी करा. शुद्ध वाणच हवा असेल तर पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे.

पायरी २: अर्क काढणं

आधी बफर, म्हणजे सामू (पीएच) स्थिर ठेवणारं द्रावण करा. ३ ग्रॅम ग्लेशियल ॲसेटिक आम्ल सुमारे ९०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात घाला, सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ५.० वर आणा आणि एकूण १ लिटर करा. नळाचं पाणी वापरू नका. क्लोरीन आणि क्लोराइड दोन्ही या विकराला बाधतात.

ओलं काड १०० ग्रॅम घेऊन कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. मिक्सरमधून काढायचा मोह होतो, पण त्याने पाणी गढूळ होतं आणि नंतर गाळताना जीव जातो. तुकड्यांवर थंड बफर ५०० मिलि ओता, भांडं बर्फात ठेवा आणि तास-दीड तास अधूनमधून हलवत राहा. मग मलमलीच्या दुहेरी फडक्यातून घट्ट पिळा. सेंट्रिफ्यूज असेल तर फिरवा. नसेल तर भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी वरचं निवळलेलं पाणी अलगद काढून घ्या.

अर्क फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवून आठवड्याच्या आत वापरा. अर्क नासू नये म्हणून प्रयोगशाळेत कुणीतरी सवयीने चिमूटभर सोडियम अझाइड टाकतं. इथे ते चालणार नाही. अझाइड लॅकेजला जागच्या जागी बंद पाडतं, शिवाय ते माणसालाही अत्यंत विषारी आहे.

पायरी ३: विकर किती आहे ते मोजणं

ही पायरी गाळून पुढे गेलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. '५ मिलि अर्क घातला' या वाक्याला काही अर्थ नाही, कारण दर पिशवीचा अर्क वेगळा असतो. घातलेली युनिटं सांगता आली पाहिजेत. मिनिटाला १ मायक्रोमोल एबीटीएसचं ऑक्सिडीकरण करणारं विकर म्हणजे १ युनिट.

एबीटीएस २७.४ मिग्रॅ घेऊन १० मिलि पाण्यात विरघळवा. हे झालं ५ मिलिमोलर द्रावण. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत) सामू ४.५ चा १०० मिलिमोलर ॲसेटेट बफर ०.८ मिलि, एबीटीएस ०.१ मिलि आणि दहापट पातळ केलेला अर्क ०.१ मिलि घ्या. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ४२० नॅनोमीटरवर दर १५ सेकंदांनी शोषणांकाचं, म्हणजे द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचं वाचन घ्या. सुरुवातीचा सरळ चढणारा भागच धरा.

समजा, शोषणांक मिनिटाला ०.३६ ने वाढला. एबीटीएसचा मोलर गुणांक ३६,००० आहे, म्हणजे मिलिमोलरला ३६. ०.३६ ला ३६ ने भागलं की ०.०१ मिलिमोलर प्रतिमिनिट. क्युव्हेटमध्ये १ मिलि आहे, म्हणजे ०.०१ मायक्रोमोल प्रतिमिनिट, आणि हे काम ०.१ मिलि अर्काने केलं. म्हणून पातळ अर्कात दर मिलिला ०.१ युनिट, आणि मूळ अर्कात त्याच्या दहापट, म्हणजे १ युनिट.

याच्या जोडीला एक क्युव्हेट उकळलेल्या अर्काचं लावा. १० मिनिटं उकळलेल्या अर्कातही रंग चढत असेल, तर ते काम विकराचं नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर ग्वायकॉल हे रसायन वापरा. त्याने अर्क विटकरी तपकिरी होतो. आकडा मिळत नाही, पण कोणती पिशवी चांगली आणि कोणती निकामी एवढं शेजारी शेजारी ठेवून कळतं.

पायरी ४: पाणी ओळखणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह डाईंगमध्ये लिटरमागे ४० ते ८० ग्रॅम मीठ पडतं. वर सोडा ॲश, त्यामुळे सामू ११ च्या आसपास. लॅकेजला रंगांवर काम करायला साधारण ४ ते ६ सामू लागतो. म्हणजे बाथमधलं पाणी आहे तसं घेतलं तर विकर काहीच करणार नाही. पहिल्या खेपेला आम्ही हेच केलं. मग सामू उतरवायला हाताशी होतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. सामू बरोबर पाचवर आला, तरीही दुसऱ्या दिवशी पाणी जांभळंच. मिठातलं क्लोराइड आधीच लॅकेजला आवळत होतं, त्यात आम्लातून आणखी क्लोराइडची भर आम्हीच घातली होती.

त्यानंतर ठरवलेली पद्धत अशी. पहिलं, मिठाच्या गोणीवर काय लिहिलंय ते बघायचं. साधं मीठ असेल तर अडचण मोठी. ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट असेल तर विकर बऱ्यापैकी तग धरतं. दुसरं, सामू पातळ सल्फ्युरिक आम्लानेच उतरवायचा. ॲसेटिक आम्लही चालतं, पण त्याने पाण्याचा सीओडी (त्यातली द्रव्यं रासायनिक रीतीने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा आकडा) वाढतो. आम्ल थोडं थोडं आणि मोठ्या भांड्यात घाला, कारण सोडा ॲशमुळे पाणी दुधासारखं उतू येतं. तिसरं, नमुना मुख्य बाथचा न घेता दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याचा घ्यायचा. त्यात मीठ कमी असतं, रंग मात्र भरपूर असतो.

डाईंग मास्तरांना आणखी विचारा: हायड्रो वापरलंय का? सोडियम हायड्रोसल्फाइट क्षपण करणारं, लॅकेज ऑक्सिडीकरण करणारं. एक जण ओढणार, दुसरा सोडणार. असं पाणी आधी काही तास हवा मारून घ्या. ब्लीचिंगचं पाणी मिसळलेलं असेल तर शिल्लक पेरॉक्साइडही तपासा.

आणि रंग कोणता? अँथ्राक्विनोन जातीचे निळे रंग लॅकेजला लवकर वश होतात. अझो रंगांचं, म्हणजे ज्यांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा जोड असतो त्यांचं, रेणूगणिक बदलतं. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ सारखे काळे पुष्कळदा अडून बसतात. टर्क्वाइज निळ्यात तांबं असतं. तो रंग मोडला तर तांबं पाण्यात मोकळं होतं, तेव्हा तिथे रंग गेल्याचा आनंद मानण्याआधी तांबं मोजा.

पायरी ५: छोटी चाचणी

२५० मिलिचे फ्लास्क घ्या, प्रत्येकात ५० मिलि पाणी. वरच्या उदाहरणातला अर्क असेल तर ५ मिलि घातला की दर मिलिला साधारण ०.१ युनिट पडतं. सुरुवातीला एवढं ठीक. तोंडाला कापूस लावा, बूच नको. ऑक्सिजन आत गेला पाहिजे. शेकर असेल तर हळू वेगावर ठेवा, तापमान २८ ते ३० अंश.

एका वेळी चार प्रकारचे फ्लास्क लागतील, प्रत्येकी तीन:
• डाईंगचं पाणी आणि अर्क
• डाईंगचं पाणी आणि उकळलेला अर्क
• डाईंगचं पाणी आणि नुसता बफर
• रेमाझॉल ब्रिलियंट ब्लू आर, लिटरला ५० मिग्रॅ, आणि अर्क

चौथा फ्लास्क सगळ्यात महत्त्वाचा. हा निळा लॅकेजपुढे हमखास उतरतो. तो उतरला आणि डाईंगचं पाणी तसंच राहिलं, तर विकर ठीक आहे, पाण्यात खोट आहे. पायरी ४ कडे परत जा. तोही उतरला नाही तर अर्कच गेलाय, पाण्याला दोष देऊ नका.

०, १५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि २४ तासांनी नमुना काढा, फिरवून किंवा गाळून शोषणांक घ्या. सुरुवातीला १.२० आणि नंतर ०.३० असेल तर ७५ टक्के रंग उतरला. पण नुसत्या एका तरंगलांबीवर विसंबू नका. लॅकेज कधीकधी तुकडे एकमेकांना परत जोडतं आणि निळ्याच्या जागी पिवळट तपकिरी येतो. निळा मोजायच्या ५९५ नॅनोमीटरवर तुम्हाला यश दिसतं, डोळ्याला मात्र गढूळ चहा. म्हणून ४३६, ५२५ आणि ६२० अशा तिन्ही ठिकाणी मोजा, शक्य असेल तर पूर्ण आलेखच काढा.

तळाशी बसलेला गाळही बघा. तो गडद रंगाचा असेल तर रंग मोडलेला नाही, नुसता काडाच्या कणांना चिकटून खाली बसलाय. उकळलेल्या अर्काच्या फ्लास्कमध्येही रंग उतरलेला दिसला, तर हेच झालंय.

अडून बसलेल्या अझो रंगासाठी मध्यस्थ रेणू वापरतात. लॅकेज मध्यस्थाचं ऑक्सिडीकरण करतं आणि मध्यस्थ पुढे रंगाचं. यासाठी हायड्रॉक्सीबेंझोट्रायझोल वापरलेलं पुष्कळ वाचायला मिळेल. ते विकरालाही मारतं आणि पाण्यात एक नवं प्रदूषक सोडतं, मग आपण साधलं काय? लिग्निनशी नातं असलेले सिरिंगाल्डिहाइड किंवा ॲसिटोसिरिंगोन ०.१ मिलिमोलरला वापरून बघा. ते महाग आहेत, पण चाचणीपुरते परवडतात.

पायरी ६: रंग गेल्यानंतरची तपासणी

अझो रंग ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जिवाणूंनी मोडला तर ॲरोमॅटिक अमाइन तयार होतात. पाणी स्वच्छ दिसतं आणि त्यातली काही अमाइन कर्करोगकारक असतात. लॅकेजची वाट ऑक्सिडीकरणाची असल्याने बऱ्याच अझो रंगांत नायट्रोजन वायू होऊन निघून जातो आणि हा धोका कमी होतो. कमी होतो, संपत नाही. उरलेले तुकडे कसले आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही.

दोन तपासण्या सहज करता येतात. एक सीओडी. इथे एक गोष्ट हमखास निसटते: आपला अर्क स्वतःच सेंद्रिय आहे. त्यात काडाची साखर आहे, फिनॉल आहेत, ॲसेटेट आहे. रंग ८० टक्के उतरला तरी सीओडी वाढलेला निघू शकतो. त्यामुळे तुलना उकळलेल्या अर्काच्या फ्लास्कशी करा आणि नुसत्या बफरच्या फ्लास्कचा आकडाही शेजारी लिहा. शिवाय मिठातलं क्लोराइड सीओडीचा आकडा फुगवतं. प्रयोगशाळेला नमुना खारट असल्याचं सांगून द्या.

दुसरी तपासणी मुगाची. पेट्रीडिशमध्ये गाळणकागद घाला, त्यावर १० मूग ठेवा, नमुना ५ मिलि घाला आणि अंधारात ७२ तास ठेवा. किती रुजले ते मोजा आणि प्रत्येकाचं मूळ पट्टीने मोजा. डिश अशा लावा: साधं पाणी, न शुद्ध केलेलं पाणी, विकराने शुद्ध केलेलं, उकळलेल्या अर्काचं, आणि नमुन्यात जेवढं मीठ आहे तेवढंच मीठ घातलेलं साधं पाणी. ही शेवटची डिश विसरू नका. पुष्कळदा मूळ आखडतं ते मिठाने आणि बोल लागतो रंगाला. मूळ नीट बघा: साध्या पाण्यात ते पांढरं, बारीक लव असलेलं असतं. वाईट पाण्यात टोक तपकिरी होतं आणि मूळ सरळ न जाता वळतं. ते बघितल्यावर विद्यार्थी जेवढे गप्प होतात तेवढे कुठल्याही आलेखाने होत नाहीत.

रंग उतरला पण शुद्ध केलेल्या पाण्यात मुळं न शुद्ध केलेल्या पाण्यातल्यापेक्षाही आखूड निघाली, तर तो निकाल तसाच लिहा.

पायरी ७: फ्लास्कमधून ड्रमकडे

लिटरभर अर्क काढणं वेगळं आणि रोजच्या हजारो लिटर पाण्याला पुरवणं वेगळं. एकदा वापरून विकर वाहून गेलं तर परवडत नाही. ते अल्जिनेटच्या मण्यांत अडकवण्याची पद्धत पुस्तकात सोपी दिसते, पण मण्यांतून विकर झिरपतं आणि ते कडक करायला कॅल्शियम क्लोराइडच लागतं. छोट्या जागी मला काडालाच आधार करणं पटतं. २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम, तळाशी विटांचे तुकडे, वर जिवंत पांढऱ्या जाळ्याचं काड सैल भरलेलं. सामू उतरवलेलं धुण्याचं पाणी वरून ठिबकने सोडायचं आणि खालून गोळा करायचं. काड बुडवून ठेवायचं नाही. बुडालं की हवा तुटते, जिवाणू माजतात आणि चार दिवसांत वास येतो. खालून आलेल्या पाण्यातली युनिटं रोज मोजा. ती घसरायला लागली की काड बदला.

हा ड्रम ईटीपीच्या जागी बसत नाही. तो ईटीपीच्या आधीची एक पायरी होऊ शकतो, तेही धुण्याच्या पाण्यापुरती. मीठ तो काढत नाही. त्यातून निघालेलं पाणी ओढ्यात किंवा शेतात सोडू नका, ईटीपीकडेच वळवा. कायमस्वरूपी काही जोडायचं असेल तर आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात ते बसतं का, हे बघून घ्या.

ड्रममधल्या काडावर मध्येच धिंगरी फुटते. छान, मांसल, रोजच्यासारखी. ती कुणीही खायची नाही, जनावरांनाही घालायची नाही. रंगातले धातू बुरशी आपल्या अंगात ओढून घेते. वापरलेलं रंगीत काडही खतात जाता कामा नये. ते वाळवून, पिशवीत बांधून, ईटीपीच्या गाळाबरोबर त्याच नोंदीने पाठवा आणि ड्रमवर 'खाऊ नये' असं मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा. युनिटवर रात्रपाळीला असणाऱ्यांना हे तोंडी सांगा, कारण ताजी धिंगरी बघितली की हात जातोच.